उलट्या रिळातली शुक्री

जऊळक्यात विमलबाई खंडारेइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं, आणि आभाळात एकटी हिंडणारी पोर चित्रात काढली ती तिनंच.

विहिरीच्या काठाशी ती वाकायची नाही. बादली सोडायला शेजारीण लागायची. पूर्ण्याकडं जाणाऱ्या गाडीनं शिट्टी दिली की हातातलं काम टाकून, गाडी निघून जाईस्तोवर भिंतीला पाठ लावून उभी राहायची. घराच्या धाब्यावर मिरच्या वाळत घालायच्या तर शिडीच्या तिसऱ्या दांड्यावर तिचे पाय थांबायचे आणि टोपलं खालूनच कोणाच्या तरी हातात जायचं. तिचा नवरा जानराव म्हणायचा, "आमच्या बाईले बापानं भुईशी शिवून देल्लं."

जानरावाकडं बायस्कोपची पेटी होती. पत्र्याची, सहा भोकांची, दर भोकाला झाकण. आत दोन रूळ आणि त्यांवर गुंडाळलेलं चित्रांचं लांबलचक रीळ. बाहेरची दांडी फिरवली की चित्रं या रुळावरून त्या रुळावर जायची आणि भोकाला डोळा लावलेलं पोरगं दिल्लीचा किल्ला, वाघ, आगबोट बघत राहायचं. शिरपूर, मालेगाव, वाशीमचा बाजार, रामनवमीला पोहरादेवीची जत्रा, असा तो पेटी डोक्यावर घेऊन फिरायचा. चौऱ्याहत्तर साली काविळीनं गेला. लेकरूबाळ नव्हतं. दिरानं पेटी भंगारात घालायची म्हटली, तेव्हा विमलबाई जन्मात पहिल्यांदा कोणाच्या आडवी आली. भांडली नाही, पेटीवर जाऊन बसली आणि उठलीच नाही. पुढच्या बाजाराला पेटी तिच्या डोक्यावर होती.

भीती गेली होती असं नाही. वाटेत कुत्रं भुंकलं तरी डोक्यावरची पेटी वाजायची. पण रिकाम्या घरात एकटीनं बसायची भीती त्याहून मोठी होती.

चित्रं मात्र विटून गेली होती. वाघाचे पट्टे उडाले, वाघ गाढवासारखा दिसायला लागला, पोरं हसायची. नवीन चित्रं कोण देणार? विमलबाई चवथी पास होती. बस्तीनं धम्म घेतला त्या साली ती दहा वर्षांची होती, आणि बापानं हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं होतं. शाळेत तिला सगळं यायचं. मास्तरानं उभं केलं की काही यायचं नाही. पाटीवर चित्रं मात्र न घाबरता काढायची, कारण ती पुसता यायची. आता तिनं निवडणुकीतली उरलेली पोस्टरं जमवली. त्यांची मागची बाजू कोरी. जुन्या लुगड्याच्या कापडावर ती खळीनं चिकटवली, आणि नीळ, हळद, काजळ, गेरू घेऊन बसली.

काय काढावं याचा तिनं विचार केला नसावा. कागदावर एक पोर आली. चवथ्या वर्गातली, दोन वेण्या, लाल रिबिनी, काखेत पाटी. नाव शुक्री. वर्गात ही शुक्री मान खाली घालून बसायची, मास्तरानं विचारलं की गप. पण आभाळात काही बिघडलं की पाटी तीनदा गुडघ्यावर आपटायची आणि सुटायची वर. चंद्राला विळखा घातलेला साप तिनं सोडवला. शनीचं कडं चोरून नेणाऱ्याला ढगाढगातून पळवलं. आणि हजेरी व्हायच्या आत परत वर्गात. आईला वाटायचं पोरगी पाण्याला गेली. मास्तराला वाटायचं पोरगी ढ आहे. खरं कोणालाच माहीत नव्हतं, फक्त पेटीला डोळा लावणाऱ्या पोरांना.

दर बाजाराला पुढचा भाग. आणि विमलबाईनं एक गोष्ट आपल्या आपण शोधली होती. एकच चित्र थोड्या थोड्या फरकानं सात-आठ वेळा काढायचं आणि दांडी गरगर न फिरवता हिसक्याहिसक्यानं फिरवायची; मग शुक्रीचा हात खरोखर वर जायचा, वेण्या हलायच्या, पाय भुईवरून सुटायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पोरांनी भोकांवरचे डोळे काढून पेटीच्या मागं जाऊन बघितलं, आत कोणी आहे का म्हणून.

खेळ संपला की रीळ उलटं गुंडाळावं लागायचं, नाहीतर पुढच्या पोरांना सुरुवात कशी दिसणार. जानराव उलटं फिरवताना झाकणं बंद ठेवायचा. विमलबाई ठेवायची नाही. ज्यांच्याकडं द्यायला काही नसायचं ती पोरं बाजार उठायच्या वक्ताला पेटीभोवती घुटमळायची, आणि शेवटचं रीळ उलटं गुंडाळताना ती त्यांना म्हणायची, "पाहा बाप्पा, उलटं फुकट." त्या वक्ताला तिचा घसा बसलेला असायचा. गोष्ट सांगायची नाही, नुसती दांडी फिरवायची.

त्यांत तांड्यावरची गंगू हमखास असायची. नऊ वर्षांची, काडीसारखी, तिसरीत. गोमतीबाई, म्हणजे तिची आई, बाजारात सरपणाच्या मोळ्या घेऊन बसायची आणि मोळ्या खपल्याशिवाय गंगूला सोडायची नाही. म्हणून गंगू यायची ती बाजार उठतानाच. धापा टाकत यायची, डोळा लावायची, आणि एक शब्द न बोलता बघायची.

एकोणऐंशीचा जून लागला आणि रेडिओवर स्कायलॅबचं आलं. अमेरिकेनं आभाळात सोडलेलं, गाडीच्या डब्यांहून मोठं घर. आत आता माणूस नाही, आणि ते खाली येऊन राहिलं आहे. कुठं पडेल ते सांगता येत नाही. हॉटेलातल्या रेडिओभोवती गर्दी व्हायला लागली. मास्तर म्हणायचे, जग एवढं मोठं, आपल्याच डोक्यावर कशाला पडेल. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, गारा पडल्या तवाही जग एवढंच होतं." पेरण्या झालेल्या, पण शेतात तण काढायला, डवरायला कोणी निघेना. मरायचंच तर खाऊन मरू म्हणत लोकांनी कोंबड्या कापल्या, मग बोकड कापले. गावाला कधी नव्हे तो रोज मटणाचा वास, आणि कोणाच्या तोंडाला चव नाही.

विमलबाईनं खाटेवर झोपणं सोडलं, खाटेखाली झोपायला लागली. दिवसा लुगड्याचा पदर डोक्यावर दुहेरी घ्यायची, जसं काही त्यानं अडणार होतं.

आणि पोरं तिलाच विचारायला यायची. शुक्री हे घर अडवंल का? विमलबाई त्यांच्या तोंडाकडं बघायची. सगळी तोंडं तिच्या स्वतःच्या तोंडासारखी दिसायची. नाही कसं म्हणणार? ती म्हणायची, "अडवंल न. शुक्रीचं कामच हाय ते." असं म्हटल्यावर पोरं पळत जायची आणि विमलबाई पदर डोक्यावर आणखी पुढं ओढून घ्यायची.

मग शब्द दिला म्हणून काढावंही लागलं. त्या बाजाराचा भाग असा होता. शुक्री शाळेच्या अंगणात पाटी आपटते. तिथून उडून कापसाच्या जिनाच्या पाण्याच्या टाकीवर, कारण गावात त्याहून उंच काही नव्हतं. टाकीवरून हात पसरून आभाळात. घर जळत खाली येतं. शुक्री त्याला खांदा देते, ढकलत ढकलत दूर नेते आणि समुद्रात बुडवते. पोरांनी तो भाग तीन-तीनदा बघितला. बाजार उठताना गंगूनंही बघितला, तिच्या वक्ताला, तिच्या पद्धतीनं.

रेडिओनं सांगितलेला बुधवार उजाडला. पावसानं उघाड दिली होती, आणि त्या उघाडीचीच लोकांना भीती वाटत होती. आभाळ झाकलेलं असतं तर बरं, असं ज्याला त्याला वाटत होतं. शाळेत निम्मी पोरं नव्हती. दुपारी विमलबाई दार लावून आत बसली असताना कोणीतरी दार बडवलं. जिनाचा राखणदार ग्यानबा होता. जिन पावसाळ्यात बंद असायचं. ग्यानबा तिथं एकटाच राहायचा, गुडघ्यांनी अधू. कुबडीवर धावत आल्यानं त्याला बोलता येईना.

"तुह्या पेटीतली पोट्टी टाकीवर चढली," तो म्हणाला. "म्या इचारलं कोन हाय व, तं म्हन्ते शुक्री. गोमतीची गंगू हाय ते. म्या काही चढू शकत नाही. गावातले भजनाले बसले, कोनी उठून नाही राह्यलं. तुह्यं येड तुलेच निस्तरा लागीन."

विमलबाईचे पाय चालले, पण ती चालली असं तिला पुढं कधी आठवलं नाही.

जिनाच्या आवारात लोखंडी पायांवर लोखंडी टाकी. तीन धाबे एकावर एक ठेवावे इतकी उंच. एका बाजूला सरळ उभी शिडी. टाकीच्या कडेनं हातभर रुंद पत्रा, त्याला कठडा नाही. त्या पत्र्यावर गंगू उभी होती, धुतलेल्या परकरात, दोन वेण्या घालून. रिबिनी नव्हत्या, त्या जागी लाल चिंध्या होत्या. काखेत पाटी.

विमलबाईनं तोंड उघडायच्या आत ग्यानबा ओरडला, "ए पोरी, खाली ये. उतर खाली."

ते ऐकून गंगूनं पाटी खाली ठेवली. दोन्ही हात पसरले आणि टाचा उचलल्या.

विमलबाईनं ग्यानबाचं तोंड हातानं दाबलं. तिला काही समजलं नव्हतं. एवढंच दिसलं की 'खाली' म्हटल्यावर पोरीच्या टाचा उचलल्या.

"गंगू," ती म्हणाली, आणि आवाज कसा कोण जाणे निघाला. "तठीच राह्य, माय. नको येऊ."

"वक्त नाही झाला का?" गंगूनं वरून विचारलं. घाबरलेली नव्हती. कामावर आलेल्या माणसासारखं विचारत होती.

"कायचा वक्त व?"

"खाली याचा. शुक्री खाली आली का घर वरतं राह्यते."

विमलबाई म्हणाली की शुक्री वर जाते, बाई, खाली नाही येत. टाकीवरून वर जाते. गंगूनं मान हलवली.

"शाळेतल्या पोरीबी असंच म्हन्तात. खोटं हाय. म्या डोळ्यानं पाह्यलं. जळतं घर पान्यातून निंघते. शुक्री त्याले वर नेऊन ठेवते. मंग ढगातून टाकीवर येते, टाकीवरून असे हात करून शाळेत येते. मंग वर्गात बसते. दर बार असंच होते."

दर बार. मग विमलबाईला उमगलं. या पोरीनं एकही भाग सुलटा बघितला नव्हता. दोन वर्षं ही पोर उलटं फुकट बघत आली होती. तिच्या गोष्टीत साप चंद्राला सोडून जात नव्हता, चंद्राला येऊन विळखा घालत होता. तिच्या गोष्टीत शुक्री वर कधी गेलीच नव्हती. दर वेळी वरून खाली येत होती, अलगद, वेण्या हलवत, पाय भुईला टेकेपर्यंत. आणि टाकीला शिडी नव्हती. विमलबाईनं काढलीच नव्हती. दांडे काढत कोण बसेल म्हणून.

"वक्त म्या सांगतो," ती म्हणाली. "वर येऊन सांगतो. तवरक बसून राह्य. बसलेलीच राह्य हं, बाई."

गंगू बसली. पाय मात्र बाहेर सोडून.

ग्यानबा काहीतरी म्हणत होता. बहुतेक, तुझ्यानं होणार नाही, म्हणत होता. विमलबाईनं काष्टा आवळला आणि शिडी धरली. दांडे पावसानं ओले, गंजाचे पापुद्रे हाताला लागत होते. पहिला. दुसरा. तिसऱ्यावर पाय थांबले, जसे जन्मभर थांबत आले होते. तिनं डोळे मिटले आणि कपाळ लोखंडाला टेकवलं. खाली उतरावं, गावाकडं पळावं, कोणा गड्याला आणावं. पण तेवढ्यात कोणी लांबून पुन्हा 'खाली ये' म्हटलं तर? भजनाला बसलेलं अख्खं गाव हेच म्हणणार होतं. कोणाच्याही तोंडात दुसरा शब्द नव्हता.

चवथ्या दांड्यावर तिनं पाय कसा ठेवला ते तिला सांगता यायचं नाही. पुढं एवढंच सांगायची की डोळे मिटलेले होते आणि दातांत पदर होता. मध्ये एकदा वारं सुटलं, लुगडं फुगलं, आणि आपण आता उडतो असं वाटून ती दोन्ही हातांनी दांड्याला लटकून रडली. मग रडत रडतच वर गेली.

पत्र्यावर ती उभी राहू शकली नाही. पोटावर सरकली आणि टाकीला लागलेला नळ कवटाळून बसली. गंगू हाताच्या अंतरावर होती. धरायला जावं तर पोर दचकेल, आणि नळ सोडायला हात तयार नव्हते.

"झाला वक्त?" गंगू म्हणाली.

विमलबाईला खोटं बोलता आलं असतं. शुक्रीला आज सुट्टी आहे, अमुक आहे, तमुक आहे. पण आजवर जे बोलली त्यानंच ही पोर इथं आली होती. तिनं सांगितलं की मी तुला उलटं दाखवलं. गंगूला कळलं नाही. उलटं म्हणजे काय? तेव्हा विमलबाईला कळलं की हे तोंडानं सांगून भागणार नाही, दाखवावं लागेल. आणि दाखवायला दोन्ही हात लागतात.

तिनं आधी एक हात सोडला. मग, बऱ्याच वेळानं, दुसरा. अंगाखालचा पत्रा हलतो आहे असं वाटत होतं; हलत होती ती स्वतः. पदराचं टोक तिनं डाव्या मुठीवर गुंडाळलं. पदरावर काठाला फुलं होती. उजव्या मुठीवर ती पदर ओढत गेली आणि एकेक फूल गंगूला दाखवत गेली. पहिलं, दुसरं, तिसरं. अशी गोष्ट जाते. मग खेळ संपतो. मग हे सगळं परत या हातावर घ्यावं लागतं, म्हणून उलटं फिरवते. तिसरं, दुसरं, पहिलं. "तू येतं तवा म्या परत घेऊन राह्यली असतो. ते गोष्ट नाही, माय. ते आवरनं हाय."

गंगूनं तिच्या मुठी धरल्या. स्वतः एकदा पदर या मुठीवरून त्या मुठीवर गुंडाळला. मग परत. मग म्हणाली, "दर बार आवरनंच पाह्यलं म्या?"

"दर बार. म्याच दावलं."

"मंग शुक्री खाली नाही येत."

"टाकीवरून कोनीच नाही येत. टाकीवरून पडते मानूस."

"मंग घर पडन?"

"मले नाही मालूम, गंगू. मलेबी भेव लागून राह्यलं. म्या तं खाटेखाली झोपतो."

गंगू हसली नाही. तिचा खालचा ओठ हलायला लागला, आणि आता ती नऊ वर्षांची दिसू लागली. याडीनं, तिच्या आईनं, सकाळी बकरीचं पिल्लू कापलं, ती म्हणाली. कोणाला खाववलं नाही, याडीच रडत बसली. म्हणून ती आली होती. पाय तिनं आत घेतले होते. खाली पाहिलं आणि पटकन विमलबाईचा दंड धरला. आपण कुठं बसलो आहोत हे तिला आता कळलं होतं.

पण तांड्यावरची पोर ती, झाडांवर वाढलेली. जरा वेळानं पोटावर वळून तिनं पायानं शिडीचा दांडा शोधला आणि चार दांडे सरसर उतरली. मग वर बघून म्हणाली, "चाल न."

विमलबाई नळाला धरून बसली होती. "तू जाय, बाई. माह्ये पाय ऐकून नाही राह्यले."

गंगू थांबली. खाली ग्यानबा आता शहाणा झाला होता. तोंडावर स्वतःचाच हात ठेवून उभा होता. गंगू दोन दांडे परत वर आली. विमलबाई कशीबशी पोटावर वळली, आणि तिच्या घोट्याला एक लहान, खरखरीत हात लागला.

"डावा दे."

"डावा कोनता तेबी नाही समजून राह्यलं मले."

"हा. म्या धरला तो."

पोरीनं पाय ओढून दांड्यावर ठेवला, दाबून धरला. मग दुसरा. विमलबाईचं तोंड लोखंडाला, डोळे बंद. जगात फक्त तो हात होता, आता या घोट्याला, आता त्या. अर्ध्यात ओल्या दांड्यावरून तिची टाच सुटली आणि गंगूच्या डोक्यावर बसली. गंगूनं 'आई गं' म्हटलं नाही. मान ताठ ठेवून तो भार तसाच पेलला, टाच परत दांड्यावर लावली आणि म्हणाली, "तुही टाच लय जड हाय, माय." विमलबाईला त्या वक्तालाही वाटलं, लेकराचं डोकं दुखलं असेल.

शेवटचा दांडा संपला तेव्हा तिला कळलंच नाही. भुईवर उभी राहूनही ती शिडी सोडीना. ग्यानबानं तिची बोटं एकेक करून उकलली. वर राहिलेली पाटी आणायला गंगू पुन्हा निघाली होती. विमलबाईनं तिला परकराला धरून असं खाली बसवलं की परकराची शिवण उसवली. तांड्यापर्यंत ती परकर धरूनच गेली. गोमतीबाईला काय सांगावं हे वाटेत सुचलं नाही, म्हणून झालं ते सगळं सांगितलं. गोमतीबाईनं पोरीला दोन थपडा मारल्या, मग छातीशी धरलं, आणि विमलबाईकडं न बघता तिला आत नेऊन दार लावलं. ते विमलबाईला थपडेहून जास्त लागलं.

आभाळातलं घर दूर पडलं, ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी रेडिओनं सांगितलं. गाव हसलं, एकमेकांच्या कोंबड्या मोजून हसलं. बाजार पुन्हा भरला, आणि पोरं विमलबाईभोवती नाचत आली, शुक्रीनं केलं, शुक्रीनं केलं म्हणत. विमलबाईनं पेटी मांडली नाही. तीन बाजार मांडली नाही. चवथ्या बाजाराला मांडली, तेव्हा आधी गोमतीबाईच्या मोळ्या पेटीशेजारी आणून ठेवल्या, त्या खपेपर्यंत राखायचं कबूल केलं आणि गंगूला पहिल्या खेळाला बसवलं, सुलट्या.

नव्या भागात शुक्री पूर्वीसारखीच आभाळात जायची. पण परत यायची ती शिडीनं. ढगाला लावलेली लांब शिडी, आणि विमलबाईनं तिचा एकेक दांडा काढलेला, दर दांड्यावर शुक्रीचा एकेक पाय. निम्मं रीळ त्यातच जायचं. पोरं कंटाळायची, कुरकुरायची. एक धीट पोरगा म्हणाला की शुक्री आता म्हातारी झाली, विमलमाय, तिला उडता येत नाही काय.

"येते," विमलबाई म्हणाली. "पन उतरते शिडीनंच."

आणि दांडी ती हिसक्यानं फिरवायची नाही. एक पाय, थांबायचं. दुसरा पाय, थांबायचं. शुक्रीचा शेवटचा पाय भुईला लागेपर्यंत विमलबाईचा दुसरा हात पेटीची कड घट्ट धरून असायचा.